आपण मोठे झालो, हे कुठल्या झाडानं सांगितलं?

डोंगरवेडी: वाढदिवसापेक्षा एखाद्या झाडानंच वय नेमकं दाखवलं, असं कुणाचं झालंय का? मी बोरिवलीची. २००८ मध्ये राष्ट्रीय उद्यानात कारवी, म्हणजे आठ वर्षांनी एकदा फुलणारं झुडूप, फुलली तेव्हा माझं सगळं लक्ष डब्याकडे. पुन्हा फुलली २०१६ मध्ये. तेव्हा चढावर बाबांना हात मी दिला. कारवी एकदा फुलून बी धरली की वाळून जाते. म्हणजे २०१६ ची कारवी ही आधीच्या कारवीची लेकरं! हे कळल्यावर बाबांकडे जरा नीट पाहिलं.

देवगडकर: आमच्यात मुलांनी पडीचे आंबे गोळा करायचे, घळ, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, मोठ्यांच्या हातात. एका मे महिन्यात बाबांनी न बोलता घळ माझ्याकडे दिली. म्हणाले एवढंच, "देठ ऱ्हवाक व्हयो." देठ तुटला की चीक ओघळतो, सालीवर डाग पडतो आणि पेटीतला आंबा जातो. अंगावर उडाला तर कातडी भाजते ती वेगळीच. संध्याकाळी मान इतकी दुखत होती की मोठं होण्याची हौस फिटली.

झाडीपट्टी: गडचिरोलीकडे मोह मार्च-एप्रिलात पहाटे गळतो. आईबरोबर अंधारात टोपली घेऊन जायचो. फुलं स्वच्छ दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवायचे. आम्हा पोरांना तीच खरी मजा, जाळ पाहायची. आता माझी मुलं काडेपेटी मागतात आणि माझ्या पोटात गोळा येतो, कारण तोच जाळ वाऱ्यानं सरकला की जंगलात वणवा. आम्ही आता पाला झाडून बाजूला करतो, कुणी खाली जाळी अंथरतं. मुलांना मी कंटाळवाणा बाप वाटतो. वाटू दे. शेजारच्या आजी मात्र अजून काडी ओढतात. त्यांना कोण सांगणार?

डोंगरवेडी: आजींना जाळी भेट द्या!

झाडीपट्टी: दिली. तिच्यावर मिरच्या वाळताहेत.

बुरूडआळी: हे प्रतीकबितीक मला फारसं पटत नाही, पण बांबूचं सांगतो. कोंब एका हंगामातच पूर्ण उंची गाठतो, मग उंची वाढत नाही. पक्का व्हायला पुढे दोन-तीन वर्षं लागतात. कोवळी काठी आमचे आजोबा घ्यायचेच नाहीत, तिला कीड लवकर लागते. माझी उंची नववीत थांबली. बाकीचं काम चालू आहे, असं बायको म्हणते.