मानस (बांधातलं पाण्याचं दार) म्हणजे अडथळा? मग आमच्या पोयीत, बांधाआतल्या तळ्यात, सुंगटं (कोळंबी) येतात कुठून?

बांधावरचा: काल इथे एकाने गोव्यातल्या मांडवी-जुवारी नद्यांचा नकाशा टाकला. जिथे मानस, तिथे लाल फुली: 'जोड तुटला', म्हणजे नदीचं नि आतलं पाणी मिळत नाही. वर सल्ला, समुद्र चढतोय, बांध सोडा, खारफुटी आत येऊ द्या. अहो, मानशीचं दार भरतीच्या रेट्याने मिटतं, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतं. भात कापलं की आम्हीच खारं पाणी आत घेतो, त्यातून शेवटे मासे वाढतात. उपग्रहाने फोटो काढला तेव्हा दार मिटलेलं होतं, एवढंच!

नकाशेवाला: फुली माझीच. खाडी चढली की बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा खाली जायला वेळ लागणार. दार उघडं राहायचे तास घटणार, पावसाचं पाणी शेतात तुंबणार. आणि खारफुटीने सरकायचं कुठे? पुढे समुद्र, मागे तुमचा बांध.

चोडणची भाची: मामाचा बांध फुटला. दोन पावसाळ्यांत शेतात खारफुटी. आता तोडायलाही परवानगी लागते. शेवटे मुबलक, कोरगुट भाताचा दाणा नाही. सल्ला देणाऱ्यांनी मामीला येऊन सांगावं.

म्हादईपुत्र: खालचे जोड मोजत बसा! २०१८ मध्ये पाणीवाटपाच्या लवादाने कर्नाटकाला म्हादईचं, म्हणजे वरच्या मांडवीचं, १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं. वरून गोडं पाणीच आलं नाही तर खाडी कसली?

बांधावरचा: झालं, आली म्हादई. मार्चमध्ये ती तशीही बारीकच. भरतीने वर गांजे गावापर्यंत पाणी हलतं, ते लवादाच्या आधीही हलायचं.

म्हादईपुत्र: नळ कोरडा पडला की बोला. तुमच्यासारख्यांमुळेच गोवा हरतो.

बांधावरचा: मी हरवला गोवा? रात्री दीड वाजता कंदील घेऊन मानशीवर जाळं लावतो मी. तुम्ही कधी चिखलात पाय घातलाय?

चोडणची भाची: भांडा खुशाल. पण आपल्याच नद्यांवर उन्हाळ्यात फळ्या घालून बंधारे अडवतात, त्यांना फुली का नाही? त्या फळ्या काही ओहोटीला उघडत नाहीत.

नकाशेवाला: ...हे राहिलं खरं. बंधारे घालतो. मानशींची फुली काढून पिवळा ठिपका देतो, भरती-ओहोटी दोन्ही वेळा बघून. झालं समाधान?

बांधावरचा: उपकार झाले. या बघायला, चपला घरी ठेवून या, चिखल परत देत नाही. आणि दार हल्ली उशिरा उघडतं, हे आहे. गाळ म्हणा, समुद्र म्हणा. बाबा एक चहा घेऊन निघायचे, माझे दोन होतात.