नागपूर-मुंबई विमानात विंडो घेऊन फायदा नाही म्हणणाऱ्यांसाठी

मेहकरकर: परवा इथं एकानं लिहिलं, "नागपूर-मुंबईला विंडोचे जास्तीचे पैसे देऊ नका. विदर्भ वरून नुसता तपकिरी दिसतो. विंडो लेह-लडाखसाठी ठेवा." वाचून डोकंच सणकलं.

मुंबईला जाताना डावी बाजू घ्या, म्हणजे ए अक्षराची सीट. हवा स्वच्छ असली तर अर्ध्या वाटेच्या आधीच दक्षिणेला लोणार दिसतं. सुमारे 1.8 किलोमीटर रुंद, उल्का आदळून काळ्या खडकात झालेलं विवर! जून 2020 मध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा साऱ्या देशानं फोटो पाहिले, आणि आपलेच लोक त्याच्यावरून झोपून जातात. परतताना उजवी, एफ. पंखावरच्या रांगा नको. पंखाच्या लगेच मागेही नको, इंजिनाच्या गरम हवेनं खालचं सगळं थरथरतं. महिना ऑक्टोबर-नोव्हेंबर. पावसाळ्यात ढग, मे महिन्यात धुरळा.

वरूडवाला: लोणार लोणार करून रायले, पण आमच्या बाजूचं काय? अप्पर वर्धा धरण, गाविलगडचे डोंगर, मेळघाट, सारं उत्तरेला आहे. जाताना एफच घ्या. अन् हिवाळ्यात दुपारचं ऊन दक्षिणेकडून येते, तुमच्या ए वर नुसती चकाकी. फोटो पांढरे होते.

पुसदकर: ते मीच लिहिलं होतं आणि मागे घेत नाही. मार्चनंतर खाली उघडी जमीन सोडून काय दिसतं? दिल्लीहून काठमांडूला जाताना डावीकडे बसा, हिमालय सोबत चालतो. पैसे तिथं द्यावे. इथं कापसाला भाव नाही आणि आपण सीटसाठी वेगळे पैसे मोजायचे?

आर्वीची ताई: बाजू नंतर ठरवा. विंडो घेऊन शटर ओढून झोपणाऱ्यांचं काय करायचं ते आधी सांगा. माझ्या सासूबाई पहिल्यांदा विमानात बसल्या. जन्म वर्धा नदीच्या काठावर शेती करण्यात गेला, तीच नदी वरून पाहायची होती. नागपूरहून उडाल्यावर ती थोड्याच वेळात येते. तेवढ्यात खिडकीजवळच्या बाईनं शटर बंद केलं. मी हात जोडून सांगितलं, तर म्हणे डोकं दुखतं.

पुसदकर: सीट तिची, शटर तिचं. तुम्ही विंडो का नाही घेतली?

आर्वीची ताई: घेतली होती. ऐनवेळी काउंटरवर सीट बदलून दिली. आणि पैशाचं काय सांगता, म्हाताऱ्या माणसाला दोन मिनिटं नदी दाखवायला पैसे लागतात का?

वरूडवाला: दादा, ताईची गोष्ट वाचून असं लिवता, लाज वाटू द्या. उडताना अन् उतरताना शटर उघडंच ठेवा लागते. बाहेर आग आहे का ते दिसलं पायजे, डोळे उजेडाले सरावले पायजे, म्हणून तो नियम. तेवढा वेळ तरी त्यायले टोका.

पुसदकर: नियम मला शिकवू नका. ताई सांगतात ते उडाल्यानंतरचं आहे. तेव्हा कोणाची सक्ती नाही. उद्या म्हणाल सीटच सोडा.

अकोटचा पोरगा: सोडाच म्हणतो मी! माह्या बुढ्याले मी माही विंडो दिली, थो मुंबईपर्यंत मान वळवून बसला. विंडो ज्याले पायाचं हाय त्याचीच. अन् 16 एप्रिल 2025 पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळाहून मुंबईचं एटीआर, म्हंजे पंख्यावालं लहान इमान, सुरू झालं, त्याचा कोणी इचारच करत नाई. त्याचे पंख डोक्यावर असते, पंखावरची रांग टाळाची भानगडच नाई. उडते बी जेटपेक्षा खालून.

मेहकरकर: एटीआरचं खरं आहे. चकाकीचंही मानतो, म्हणून दुपार सोडून सकाळचं विमान घ्या, तेव्हा सूर्य बराच मागे असतो. पण वरूडवाले, एफ वरून लोणार कसं दाखवता ते सांगा.

वरूडवाला: नाई दिसत. पण येताना एफ वरून दिसते, म्हणून जाताना मेळघाट अन् येताना लोणार. एकाच बाजूचा हट्ट कायले?

पुसदकर: बरं, दिवाळीनंतर मुंबईला जायचंच आहे, ए घेऊन पाहतो. लोणार नाही दिसलं तर इथं येऊन लिहीन. शटरचं मात्र माझं म्हणणं तेच आहे.

आर्वीची ताई: मग शटरवर तुमच्याशी मी बोलणार नाही. मेहकरकर, सासूबाईंना डिसेंबरात पुन्हा न्यायचं आहे. नदीसाठी ए बरी की एफ?

मेहकरकर: नदी विमानाच्या वाटेला आडवी येते ताई, दोन्हीकडून दिसेल. पण आर्वी उत्तरेला राहते. गावाजवळचा काठ पाहायचा असेल तर जाताना एफ घ्या.