आधी टाच, मग डेंग्यू, आता परत शून्यावर. जानेवारीत २१ किमी जमेल का?

कोथरूडचा_कासव:
नमस्कार मंडळी. वय ४४, दिवसभर खुर्चीत बसून काम. मागच्या वर्षी १० किमी आरामात व्हायचे, मग मुंबईच्या हाफ मॅरेथॉनचं (२१ किमी) वेड लागलं आणि हावरटासारखा तीन आठवड्यांत १६ वर गेलो. झालं, टाच गेली. प्लांटर फॅशिआयटिस, म्हणजे टाचेखालच्या पट्ट्याचं दुखणं. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की खिळ्यावर पाय पडल्यासारखं, भिंत धरून बाथरूम गाठायचं. दोन महिने बंद, परत सुरू, ८ किमीला आलो की टाच, परत बंद. तिसऱ्यांदा ८ ला पोचलो तेव्हा टाच गप्प होती तर जुलैत डेंग्यू झाला, प्लेटलेट्स ४० हजार, पाच दिवस ॲडमिट. आता सप्टेंबर अर्धा संपलाय, डॉक्टरांनी हो म्हटलंय, ३ किमी हळूहळू पळतोय पण पाय भिजलेल्या पोत्यासारखे जड. जानेवारीची नोंदणी आधीच करून बसलोय. कसं वाढवू? टेकडीवर पळू की रस्त्यावर? "सोड ना ते पळणं, चालत जा" हा सल्ला घरात फुकट मिळतोय, तो सोडून काहीही चालेल.

बूट_आधी_बघा:
बूट किती जुने आहेत? ५००-८०० किमी झाले की तळवा आतून बसतो, वरून नवीन दिसतो. माझी टाच बूट बदलून आठ दिवसांत गेली. म्हणजे दुखणं गेलं, टाच आहे.

नाशिकची_पायपीट:
कासवदादा, तुमची गोष्ट वाचून माझीच वाटली, फक्त माझी नडगी होती. एक सांगू का, तुम्ही दरवेळी ८ ला पोचता आणि लगेच ९ शोधता. ८ वर मुक्काम करा ना! तीन आठवडे रविवारी ८ च, कंटाळा आला तरी ८ च. दम लवकर परत येतो, दोन-तीन आठवड्यांत छाती म्हणते चल अजून, पण टाचेखालच्या पट्ट्याला आणि पोटरी टाचेला जोडणाऱ्या कंडरेला रक्तपुरवठा कमी, त्यांना काही महिने लागतात. आपण ऐकतो छातीचं आणि फटका बसतो टाचेला. मी हे दोनदा चुकून तिसऱ्यांदा शिकले, त्यामुळे फार शहाणपणा करत नाहीये.

हिशोब असा बघा. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत ८, मग तीन आठवडे मुक्काम, मग रविवारी एकेक किमी वाढवायचा आणि चौथ्या आठवड्याला दोन-तीन किमी कमी करायचे. डिसेंबरअखेर १४-१५ होतात. तेवढ्यावर मधेमधे चालत २१ निघतात, वेळेचं मात्र विसरा.

घाटवेडा:
वरच्या ताईंना +१. आणि चालायची लाज सोडा. जेफ गॅलोवे म्हणून अमेरिकन धावपटू, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला १०,००० मीटर पळालेला माणूस, त्याने स्वतः लोकांना सांगितलं की पळताना मधे मधे चाला, आणि दमल्यावर नाही, पहिल्या मिनिटापासून. मी ४ मिनिटं पळणं १ मिनिट चालणं असं करतो, सातारा हिल हाफला यवतेश्वरचा घाट तसाच चढलो. खाली उतरताना मांड्यांनी शिव्या घातल्या तो भाग वेगळा.

टेकडी आत्ता नको. मातीचा रस्ता मऊ असतो हे खरं, पण चढावर पोटरी ताणली जाते आणि पोटरीचा ताण थेट टाचेवर येतो. शिवाय पावसात दगडांवर शेवाळं. सपाट रस्ता शोधा, आणि तोही रोज एकाच कडेने नको, कडेला उतार असतो.

पोटरीवाली:
मी फिजिओ आहे, पण हा तपासल्याशिवाय दिलेला सल्ला आहे हे धरून चाला. बाटली फ्रीजरमध्ये ठेवून पायाखाली फिरवताच असाल, त्याने बरं वाटतं, ताकद येत नाही. ताकदीसाठी जिन्याच्या पायरीवर उभं राहायचं, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, टाच पायरीच्या बाहेर. तीन सेकंद वर, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंद खाली. आधी दोन्ही पायांवर, जमलं की एकावर. एक दिवसाआड. फरक दिसायला तीन महिने लागतात आणि लोक तिसऱ्या आठवड्यात सोडतात.

पळताना थोडं जाणवलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशीचं पहिलं पाऊल आदल्या दिवसापेक्षा वाईट असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं. हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल तर मात्र पळणं बंद आणि डॉक्टर, स्ट्रेस फ्रॅक्चर (हाडाला पडलेली बारीक चीर) अंगावर काढायचं नसतं. डेंग्यूनंतर थकवा कित्येक आठवडे रेंगाळतो. सकाळी उठल्याउठल्या नाडी मोजा, नेहमीपेक्षा ८-१० ने जास्त लागली तर त्या दिवशी सुट्टी. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघून घ्या. छातीत दडपण, धडधड, चक्कर यातलं काही आलं तर धाग्यावर विचारत बसू नका.

बूट_आधी_बघा:
बुटांचं कोणी बोलतच नाहीये.

कोथरूडचा_कासव:
बूट बघितले हो, घड्याळातल्या हिशोबाने ९०० किमी झालेत 😅 नवीन आणतो. पण ४ ला १ म्हणजे रोज येणारे लोक काय म्हणतील हा प्रश्न आहेच.

घाटवेडा:
त्यांना तुमचं नावही माहीत नाही.

कोथरूडचा_कासव:
नोव्हेंबरचा हिशोब द्यायला आलोय. नाडी रोज ६२ च्या आसपास, एकदा ७३ लागली, झोपून राहिलो, दुसऱ्या दिवशी सर्दी. फेरिटिन खरंच कमी निघालं, गोळ्या चालू आहेत. टॉवेलवाला व्यायाम बिल्डिंगच्या जिन्यात करतो, दुसऱ्या मजल्यावरचे काका दोन दिवस बघून गेले आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "लिफ्ट बंद आहे का?" आठवर तीन आठवडे काढले, दुसऱ्या रविवारी पाचव्या किमीला एक आजोबा कानटोपी घालून माझ्या पुढून निघून गेले, जीव जळला पण वेग वाढवला नाही. काल ९ झाले, ४ ला १ करत, एका किमीला सव्वाआठ मिनिटं.

आज सकाळी पलंगावर बसून पाय खाली सोडले आणि दोन मिनिटं तसाच बसलो, टाकायची हिंमत होईना. टाकला. थोडं आखडलेलं, खिळा नाही. भिंत धरली होती ती सवयीने.

पुढच्या रविवारी १० की परत ९?

नाशिकची_पायपीट:
९.

पोटरीवाली:
९. आणि काकांनाही टॉवेल द्या.