खेळाडूची किंमत अर्थतज्ज्ञाने काढावी का?

पाटीपेन्सिल
बेसबॉलपटूच्या कराराची बातमी आली की "दांडू फिरवायचे एवढे डॉलर?" ही प्रतिक्रिया ठरलेली. गेरल्ड स्कली या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९७४ मध्ये प्रश्न उलटा केला: खेळाडू क्लबला किती कमावून देतो, आणि त्यातलं त्याच्या हातात किती पडतं? तेव्हा 'रिझर्व्ह क्लॉज' होता. करार संपला तरी खेळाडू त्याच क्लबचा. मालक देईल ते घ्या, नाहीतर घरी बसा.

स्कलींनी १९६८ आणि १९६९ च्या हंगामांचे आकडे घेतले. फलंदाजांची स्लगिंग सरासरी (फटक्यांची ताकद मोजणारं माप) आणि पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं, स्ट्राइकआउट-वॉक गुणोत्तर (किती फलंदाज बाद केले आणि वाईट चेंडूंमुळे किती फुकट पुढे सोडले) यांवरून संघाचं विजयाचं प्रमाण. मग विजय वाढले की गल्ल्यात किती भर पडते, तो हिशेब. दोन्ही जोडले की एकेका खेळाडूची कमाई निघते. घडवण्याचा खर्च वजा करूनही चांगल्या खेळाडूला तिचा पाचवा हिस्सा मिळणं मुश्किल होतं. पगार 'अति' की नाही यावर बोलण्याआधी हा हिशेब समोर हवा, असं माझं मत.

उलटतपासणी
साफ असहमत. सांघिक खेळात श्रेयाची अशी वाटणी होत नाही. शॉर्टस्टॉपने (एका क्षेत्ररक्षकाने) अडवलेला चेंडू या समीकरणात कुठे आहे? पिचरच्या स्ट्राइकआउटमागे कॅचरचं (यष्टिरक्षकासारख्या खेळाडूचं) डोकं असतं, ते कुणाच्या खात्यावर? संघ हरत असतानाही ज्याच्या नावावर तिकिटं खपतात, त्याची किंमत विजयाच्या प्रमाणातून कशी निघणार? हे मी एकटा म्हणत नाही. १९९९ मध्ये अर्थतज्ज्ञ अँथनी क्राउटमन यांनी स्कलींच्या पद्धतीतल्या चुकांवर लेखच लिहिला.

पाटीपेन्सिल
लिहिला, पण पुढचंही सांगा की. खुल्या बाजारात खेळाडूंना प्रत्यक्ष काय भाव मिळतो तो घ्या आणि त्यावरून बांधलेल्या, म्हणजे क्लब बदलू न शकणाऱ्या, खेळाडूची किंमत काढा, असं क्राउटमन यांचं म्हणणं. त्या मापानेही बांधलेला नवखा खेळाडू किमतीच्या बराच खालीच निघतो. तराजूवरून भांडण आहे, कमी तोललं यावर नाही.

जुना प्रेक्षक
मालकांची बाजू कुणी मांडतच नाही. खेळाडू मोकळे सोडले तर श्रीमंत क्लब सगळे चांगले उचलतील आणि चुरस संपेल, ही भीती काही खोटी नव्हती.

आकडेमोड
ती भीती अर्थतज्ज्ञ सायमन रॉटेनबर्ग यांनी १९५६ मध्येच खोडली होती. खेळाडू विकता येत असेल, तर बांधलेला असो वा मोकळा, तो शेवटी जिथे जास्त कमाई होते तिथेच जातो. पैसा कुणाच्या खिशात जातो एवढाच फरक. गाजलेला फलंदाज बेब रूथ बोस्टनहून न्यूयॉर्क यांकीजकडे गेला तो बांधलेल्याच काळात, आणि किंमत मिळाली बोस्टनच्या मालकाला. १९४९ ते १९५३ सलग पाच वर्ल्ड सिरीज (हंगामाअखेरची अजिंक्यपदाची लढत) यांकीजनी जिंकल्या. हीच का ती चुरस?

डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी रिझर्व्ह क्लॉजचा मालकांनी लावलेला अर्थ फेटाळला आणि खेळाडूंना मोकळं होण्याची वाट उघडली. मालकांनी तडकाफडकी साइट्झनाच काढलं! सरासरी पगार १९७६ मध्ये ५१ हजार डॉलरच्या आसपास होता, १९८० मध्ये १ लाख ४३ हजारांच्या.

जुना प्रेक्षक
आणि ते भरलं कुणी? तिकीट काढणाऱ्याने.

आकडेमोड
हा गैरसमज भलताच चिवट आहे. तिकिटाचा दर पगार ठरवत नाही, मागणी ठरवते. पगार निम्मे केले म्हणून कुठला मालक भरलेल्या स्टेडियमचं तिकीट स्वस्त करेल? लोक दर मोजायला तयार आहेत हे दिसतं, म्हणून खेळाडूवर बोली लागते.

उलटतपासणी
ठीक, प्रेक्षक सोडा. करदात्याचं काय? अर्थतज्ज्ञ रॉजर नॉल आणि अँड्र्यू झिंबालिस्ट यांनी १९९७ मध्ये संपादित केलेल्या अभ्यासांत स्टेडियममागून स्टेडियम तपासली आहेत. सरकारी पैसा ओतूनही शहराला म्हणावी तशी आर्थिक भर मिळत नाही. लोक सिनेमा-हॉटेलवरचा खर्च तिकडे वळवतात, इतकंच. वर १९२२ च्या अमेरिकी सुप्रीम कोर्टाच्या निकालाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट. म्हणजे ज्या उत्पन्नातून स्कली खेळाडूचा वाटा काढतात, तेच मुळात फुगवलेलं. त्यात खेळाडूचा हक्क किती आणि फुकटचा मलिदा किती, हे ते समीकरण सांगत नाही.

पाटीपेन्सिल
मुद्दा रास्त आहे, पण तो मालकाच्या अनुदानाविरुद्ध जातो. मलिदा फुकटचा असेल तर तो सगळा मालकानेच का खावा? आजही पूर्ण मोकळं व्हायला सहा वर्षांची सेवा लागते, आणि त्यातली पहिली साधारण तीन वर्षं किमान पगाराच्या आसपास जातात. ऐन भरातली वर्षं स्वस्तात वापरायची.

उलटतपासणी
आणि सहा वर्षांनी तोच खेळाडू तिशी ओलांडताना लांबलचक करार घेतो, खेळ उतरतो, पगार उतरत नाही. त्या वर्षांत कोण कुणाला लुबाडतो, तेही याच समीकरणाने काढून दाखवा. तुमच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा आकडा बराच वेगळा येईल.