मदत हवी आहे: 'पिडल' या गावनावाचा अर्थ (तातडीने!)

मुसाफिर_पुणे: दिवाळी अंकाचा प्रवासलेख उद्या सकाळी पाठवायचाय आणि इंग्लंडमधल्या एका गावाच्या नावावर गाडं अडलंय. पिडल. शब्दकोशात 'लघवी करणे' दिलंय. संपादकबाई हे छापायच्या नाहीत. खरा अर्थ काय? कृपया विषयांतर नको.

खवचट_आजोबा: नको म्हणालात, म्हणजे होणारच. कुठलं पिडल? वूस्टरशरमध्येच नॉर्थ पिडल आणि वायर पिडल अशी दोन आहेत.

मुसाफिर_पुणे: अहो, डॉर्चेस्टरच्या उत्तरेचं. अजून कुठलं असणार!

सई_ब्रिस्टल: मग ते पिडलट्रेंटहाइड. अर्धंच नाव दिलंत की! पिडल ही तिथली नदी. मुळात शब्द पाणथळ, दलदलीच्या जागेचा. तो दुसरा अर्थ फार नंतरचा.

भाषावेडा: ट्रेंटही नदीच. म्हणजे दोन नद्यांचा संगम.

सई_ब्रिस्टल: कसला संगम? ट्रेंट नदी पार वर, मिडलंड्समध्ये. हा 'ट्रेंट' फ्रेंच, म्हणजे तीस. १०८६च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या जमीन-साऱ्याच्या नोंदवहीत, या गावाची आकारणी ३० हाइड आहे.

चामडेवाला: हाइड म्हणजे कातडं. कच्चं कातडं आधी चुन्याच्या पाण्यात भिजवतात, केस सुटतात, मग...

खवचट_आजोबा: थांबा हो! इथे हाइड म्हणजे एका कुटुंबाचं पोट भरेल एवढी जमीन, ढोबळ १२० एकर. सारा त्यावरच बसायचा. आपलं चाहूर १२० बिघ्यांचं, तसंच. 'तीस चाहुरांचं पिडल' लिहून मोकळे व्हा.

भाषावेडा: एकर आणि बिघा एक नव्हे!

खवचट_आजोबा: लेख छापायचाय, सातबारा नाही.

मुसाफिर_पुणे: आणि टोलपडल गाव? तेही लेखात आहे. पडल म्हणजे डबकं ना?

सई_ब्रिस्टल: आता सांगताय! डबकं नाही, तीच नदी. टोला ही उर्क नावाच्या जमीनदाराची विधवा. तिने ही जमीन ॲबट्सबरीच्या मठाला दिली. तिचं पिडल ते टोलपडल.

लालबावटा: टोलपडल म्हटल्यावर टोलाबाई आठवतात तुम्हाला? मजुरी कापली जात होती म्हणून सहा शेतमजुरांनी संघटना बांधली. १८३४ मध्ये गुप्त शपथ घेतल्याच्या गुन्ह्याखाली सात वर्षं काळ्या पाण्यावर, थेट ऑस्ट्रेलियात! आणि इथे लघवीवर खल चाललाय.

मुसाफिर_पुणे: विषयांतर नको म्हटलं होतं. सईताई, आभार. 'पाणथळ नदीकाठचं तीस हाइडांचं गाव' असं पाठवतोय. चाहूर बाईंना समजावत बसायला वेळ नाही.

चामडेवाला: कातड्याचं पुढचं लिहू का?