सीईटीची उत्तरं जुळेनात
प्रश्न (जळगाव): पीसीएम ग्रुप (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित). एकाच गणितात माझा पर्याय ‘ड’, धुळ्याच्या मैत्रिणीचा ‘ब’. चुकलं कोण?

भुसावळहून: ताई, अक्षरं जुळवूच नको. शिफ्ट वेगळी तर पेपरच वेगळा, आणि एकाच शिफ्टमध्येही क्रम बदललेला असू शकतो. किंमत जुळव, रूपही बघ. साइन एक्स गुणिले कॉस एक्सचं इंटिग्रेशन साइन वर्ग एक्स भागिले २ येतं, तसंच उणे कॉस २एक्स भागिले ४ सुद्धा. फरक पाव, तो स्थिरांकात जिरतो. दोन्ही बरोबर!

नंदुरबारहून: मार्कांची बेरीज करताना गणिताच्या दर बरोबर उत्तराला २, फिजिक्स-केमिस्ट्रीच्या उत्तराला १, चुकलं तर मार्क कापत नाहीत. पर्सेंटाइल (आपल्याइतके किंवा कमी मार्क मिळालेले शेकडा किती) आपापल्या शिफ्टमधूनच निघतं, म्हणून दुसऱ्या शिफ्टच्या मार्कांशी तुलना करून जीव जाळू नको.