अनुभव धागा : संक्रांतीनंतर पुन्हा पायवाटेवर

पन्हाळा-जोतिबाकडचं गवत वाळून पिवळं पडलं की पावसाळ्यापासून भिंतीला टेकून ठेवलेल्या माउंटन बाइक बाहेर निघतात. पहिल्या राइडआधी काय तपासता, ते लिहा. आठवणी नकोत, कामाचं सांगा.

*

ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला) टायर असेल तर चाक काढून कानाशी धरा आणि हलवा. आत डुचमळल्याचा आवाज आला नाही, तर सीलंट, म्हणजे छिद्रं बुजवणारं पातळ लॅटेक्स, वाळलं. आपल्याकडच्या उन्हात ते दोन-चार महिन्यांत आटतं. नुसतं कमी झालं असेल तर व्हॉल्व्हचा कोअर (आतला फिरवून निघणारा भाग) काढून 60 मिली वरून भरा. पार वाळलं असेल तर टायर एका बाजूनं उतरवून आतल्या रबरी साली सोला आणि 29 इंची, 2.25 रुंदीच्या टायरला ताजं 100 मिली घाला. मग चाक दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिनिटं आडवं ठेवा. कडेचे बुडबुडे थांबले की झालं. हवा आतच जात नसेल तर पंपाला शिव्या देण्याआधी कोअर बघा, त्यात लॅटेक्सचा बोळा बसलेला असतो.

*

ट्यूबवाल्यांनो, बाभळीच्या काट्याचं टोक टायरमध्येच मोडून राहतं. नवी ट्यूब घालण्याआधी आतून सुती फडकं फिरवा, जिथं अडकेल तिथं काटा. बोट फिरवू नका, रक्त येतंय लगेच. 70 किलोच्या माणसाला मागे 30 आणि पुढे 27 पीएसआय हवेचा दाब पुरे. त्याहून फार कमी ठेवली की जांभ्याच्या कडेवर चाक आपटतं आणि दगड आणि रिमच्या कडा यांच्यामध्ये ट्यूब चिमटून शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. 45 भरली तर मुरमावर पुढचं चाक साबणावरून सरकल्यासारखं जातं.

*

हायड्रॉलिक ब्रेकचा लिव्हर मऊ लागत असेल तर आत हवा आहे, ब्लीड करा, म्हणजे तेल ढकलून ती हवा बाहेर काढा. तेल कुठलं ते लिव्हरच्या झाकणावर लिहिलेलं असतं. मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट (दुसऱ्या जातीचं ब्रेक तेल) घातलं की सील फुगतात, मग ब्लीडनं भागत नाही. चेनवर स्प्रे मारताना डिस्क झाका. उडालाच तर डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. पॅडनं तेल प्यायलं असेल तर पॅड बदलाच.

फोर्कसाठी (पुढच्या चाकाचा शॉक) सोपा उपाय : सायकल रात्रभर उलटी ठेवा, आतले फोम रिंग तेलानं पुन्हा भिजतात. उलटी ठेवल्यावर ब्रेक दाबायचे नाहीत. सरळ केल्यावर चारदोनदा दाबून मग निघा. 100 मिमी ट्रॅव्हलचा (पूर्ण दबण्याचं अंतर) फोर्क आपण सायकलवर बसल्यावर 20 ते 25 मिमी दबला पाहिजे.

*

चेन : 12 पूर्ण कड्या (आतली-बाहेरची जोडी मिळून एक) म्हणजे 12 इंच. पिन ते पिन 1/16 इंच जास्त भरली की बदला, नाहीतर कॅसेटही (मागच्या चाकाची दातेरी चक्रं) जाते. या धुळीला ड्राय ल्यूब (लावल्यावर सुकणारं चेनचं तेल). ओलं लावलं की दुसऱ्याच दिवशी काळी पेस्ट होते.

*

मसाई पठारावर सावली नाही. माणशी 3 लिटर पाणी घ्या, दहाच्या आत खाली उतरा. उतारावर वळण संपेपर्यंत ब्रेक दाबून ठेवतात तिथंच पडतात. वेग वळणाआधी तोडा. गाळपाचा हंगाम संपेस्तोवर पहाटे मागचा दिवा लावाच, बऱ्याच ऊसाच्या ट्रॉल्यांना स्वतःचा दिवा नसतो. चैत्र पौर्णिमेच्या आसपास जोतिबाचा रस्ता सोडा, यात्रेत सायकल ढकलायलाही जागा मिळत नाही. राधानगरीच्या बाजूला गवा दिसला तर घंटी नको, ओरडणं नको. थांबा आणि तो जाईपर्यंत मागेच राहा.

*

मोजे उंच घाला. कुसळं शिरली की धुऊनही निघत नाहीत, एकेक उपटावं लागतं.